आरिया म्हणणारा माणूस

सारंग साब गेल्याची खबर मला कळली तेव्हा माझं जहाज ब्राझीलच्या वाटेवर होतं. जमीन दिसायला आणखी अकरा दिवस होते आणि मी एका बंद पडलेल्या पंख्याला शिव्या देत बसलो होतो. आमच्या जुन्या जहाजाचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यावर कुणीतरी दोन ओळी टाकल्या होत्या. खाली पटापट जोडलेले हात येत गेले. पंजाबातून, केरळातून, ओडिशातून, काही तर भर समुद्रातून. सगळे हात जोडून मोकळे झाले, पण त्यातला एकही माणूस पांढुर्ण्याला पोचला नाही. मी तर सौसरचा, मोटरसायकलवर तासाभराच्या अंतरावरचा. मीही नाही. आमच्या धंद्याचा मला राग येतो तो अशा वेळी.

सारंग म्हणजे जहाजाच्या डेकवरच्या खलाशांचा मुकादम. स्वयंपाकी तो भंडारी, आणि मी इलेक्ट्रिशियन म्हणून बत्ती साब. जहाजावर नाव कमी आणि हुद्दा जास्त चालतो. त्यांचं खरं नाव शालिकराम बोबडे. पांढुर्ण्याजवळच्या एका खेड्यातले, घरचा संत्र्याचा बगीचा. समुद्र कुठल्याही बाजूनं धरला तरी आमच्या भागापासून लांबच. त्यामुळे तुम्ही जहाजावर कसे काय गेलात, हे त्यांना जो तो विचारायचा. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"पायी नाही गेलो बापा, रेल्वेनं गेलो."

मी त्या जहाजावर चढलो त्याच दिवशी जेवणाच्या खोलीत उभा राहून फोनवर मित्राशी बोलत होतो. "अबे काय करून राहिला बे?" एवढंच म्हटलं असेल, तर मागून आवाज आला, "सौसरचा का लोधीखेड्याचा?" वळून पाहिलं तर बुटका, रुंद खांद्याचा, पांढऱ्या मिशीचा माणूस, अंगात नारिंगी बॉयलर सूट आणि हातात चहाचा कप. मी सौसर सांगितलं. कुणाचा, म्हणून विचारलं. शाळामास्तराचा, म्हटलं. "म्हंजे मास्तराचं पोट्टं," ते म्हणाले, आणि मी पस्तिशीचा असून, दोन लेकरांचा बाप असून, त्यांच्यासाठी कायमचा मास्तराचं पोट्टं झालो. चारचौघांत मात्र ते मला बत्ती साबच म्हणायचे. हुद्द्याचा मान त्यांनी कधी मोडला नाही. मी त्यांना एकट्यात काकाजी म्हणायचो.

काकाजींच्या मनगटावरचं घड्याळ कायम घरच्या वेळेवर असायचं. जहाज पूर्वेला जावो की पश्चिमेला, आम्ही सगळे काटे मागेपुढे करत राहायचो, काकाजी नाही. काम जहाजाच्या वेळेनं करायचे, पण मधेच घड्याळ पाहून म्हणायचे, "घरी आता चहा होऊन राहिला." किंवा, "आता रामकृष्ण बगीच्यात पानी सोडून राहिला असन." रामकृष्ण म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. मी एकदा चिडवलं, काकाजी, तो झोपला असेल हो आळशी. तर गंभीरपणे म्हणाले, "नाही. मंगळवारी त्याची पंपाच्या लाइनची पाळी असते."

दोरीच्या बाबतीत मात्र त्यांना मस्करी चालत नसे. जहाज बांधायच्या दोऱ्या मनगटाएवढ्या जाड असतात, ताण आला की माणसाचा हात घेऊन जातात. नवा खलाशी आला की पहिल्या दिवशी ते त्याला उभं करून एकच गोष्ट सांगायचे, आणि पुढचे नऊ महिने तेच सांगत राहायचे: रस्सी हाताले गुंडाळायची नाही. पकडायची, पण गुंडाळायची नाही. सोडायची वेळ आली की हात उघडला पाहिजे, बस. एकदा एका खलाशानं पकड बसावी म्हणून दोरीचा एक वेढा तळहाताला घेतला होता. काकाजींनी डेकच्या त्या टोकापासून धावत येऊन त्याच्या पाठीत असा धपाटा घातला, की कॅप्टननं वरून खिडकी उघडून पाहिलं.

आणि त्यांचा दुसरा नेम म्हणजे निरोपाचा. बंदरात जहाज लागलं, कुणाचे महिने भरले, बदलीचा माणूस आला, की घरी जाणारा बॅगा घेऊन उतरायचा. बाजूच्या शिडीनं बॅगा नेणं म्हणजे कमरेचा काटा ढिला. काकाजी म्हणायचे, जिन्यावरून मानूस उतरते, सामान नाही. मग ते स्वतः प्रत्येकाची बॅग दोरीनं बांधायचे, कठड्यावरून हळूहळू खाली सोडायचे, आणि सोडताना ओरडायचे, "आरिया… आरिया… आरिया…" आपल्या खलाशांच्या बोलीत हबेस म्हणजे ओढा आणि आरिया म्हणजे सोडा, ढील द्या. बॅग धक्क्याला टेकली की म्हणायचे, "बस." दोरी वर ओढून घ्यायची आणि कामाला लागायचं. हात मिळवणं नाही, गळाभेट नाही, हात हलवणं नाही. कॅप्टनची बॅग असो की साफसफाईवाल्याची, आरिया तेवढाच लांब.

बाकीचे आम्ही गळ्यात पडायचो, नंबर घ्यायचो, आमच्या गावाला ये, तुझ्या लग्नाला येतो, भेटू, नक्की भेटू. काकाजी लांबून ऐकत राहायचे. एकदा मी जास्तच भेटू-भेटू केलं तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "कायले खोटं बोलून राहिला? एकतीस वर्षं झाली मले. जहाजावरचा मानूस जहाजावरच असते. खाली उतरला का संपला. म्हनून त्याचं सामान तरी नीट उतरवून द्यावं." मला तेव्हा वाटलं, म्हातारा कोरडा आहे. पुढं कळलं की कोरडा मीच होतो. मला भेटू म्हणायला काहीच लागत नव्हतं.

त्यांचा जीव एकाच माणसात अडकला होता. भंडारी अंतोनी. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचा, उंच, काळा, सदा घामेजलेला, खांद्यावर पंचा. चार वेळा दोघं एकाच जहाजावर आले होते, आणि आमच्या धंद्यात हा योग लॉटरीसारखा. दोघांची भाषा म्हणजे मोडकी हिंदी, आणि तीही दोन-दोन शब्दांची. काकाजींसाठी तो झुणका करायला शिकला होता. काकूंनी, म्हणजे काकाजींच्या बायकोनं, फोनवर सांगितलेला. काकू वऱ्हाडीत सांगायच्या, हा तमिळमध्ये हो हो म्हणायचा, आणि झुणका मात्र बरोबर व्हायचा. कसा, देव जाणे.

काकू गेल्या तेव्हा आम्ही आफ्रिकेला वळसा घालत होतो. कॅप्टननं काकाजींना वर बोलावून सांगितलं. पुढचं बंदर अठरा दिवसांवर होतं, म्हणजे जाणं नाहीच. ते खाली आले, हातोडी घेतली आणि डेकवर गंज काढत बसले. ठक, ठक, ठक. कुणाची जवळ जायची हिंमत होईना. थोड्या वेळानं पाहतो तर दोन हातोड्यांचा आवाज. भंडारी बसला होता शेजारी, पंचा डोक्याला बांधून, गंज काढत. स्वयंपाक्याचं हे काम नव्हे, त्याला ते जमतही नव्हतं. सांज होईपर्यंत दोघं एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवशी सगळ्यांनी ब्रेड खाल्ला आणि कुणी तक्रार केली नाही.

नवव्या दिवशी भंडारीनं मला विचारलं, "बत्ती साब, आप लोग में तेरह दिन पे क्या बनाता है?" मी सांगितलं ते त्यानं पिठाच्या पिशवीच्या कागदावर लिहून घेतलं. तेराव्या दिवशी त्यानं वरण-भात, पुऱ्या, वडे, खीर, सगळं केलं. काकाजींनी स्वतः पंगतीला वाढलं, पार कॅप्टनपर्यंत. आणि मग एक पान घेऊन मागच्या डेकवर गेले, कावळ्यासाठी. भर समुद्रात कावळा कुठला? एखादा पक्षी येईल म्हणून आम्ही तिघं उभे राहिलो. तास गेला, दोन तास गेले, आभाळात काही म्हणता काही नाही. काकाजींचा चेहरा बघवेना. तेव्हा भंडारी हळूच म्हणाला, "सारंग साब, मछली भी तो उसी का है." काकाजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून ते पान पाण्यात सोडलं.

आता एका डब्याचं सांगायला पाहिजे. काकाजी जहाजावर आले तेव्हा काकूंनी बरोबर बगीच्यातली संत्री दिली होती. शेवटचं संत्रं खाल्लं तेव्हा त्यांनी त्यातलं एक बी दुधाच्या पावडरच्या डब्यात लावलं. बटाट्याच्या पोत्यांतली माती आणि उरलेली चहापत्ती. भंडारीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ऊन येतं म्हणून डबा तिथं ठेवला, पाणी भंडारी घालायचा. रोप आलं. मी खूप हसलो. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की संत्रं लावायचं ते कलमाचं. बियाचं झाड कुणी लावत नाही, वर्षानुवर्षं फळ देत नाही. म्हटलं, काकाजी, रामकृष्ण काय म्हणेल?

"फळ खायाले थोडीच लावलं बे?" ते म्हणाले. "पान चुरडून वास घ्याले लावलं."

काकू गेल्यावर मी हसणं बंद केलं. रोप तोवर वीतभर झालं होतं. काकाजी रोज सकाळी चहाला यायचे, एका पानाला नुसता अंगठा लावायचे आणि हुंगायचे. चुरडायचे नाहीत. पानं मोजकीच होती.

मग आम्ही ऑस्ट्रेलियाला निघालो. तिथं परदेशातली माती, रोप, बी, काही म्हणजे काही चालत नाही. तपासणीवाले फ्रिजमधली कोथिंबीरसुद्धा पाहतात. आम्ही बंदराबाहेर नांगर टाकला त्या सकाळी मी भंडारीच्या स्वयंपाकघरात भट्टीची वायर बदलत होतो, तेवढ्यात चीफ ऑफिसर आला. तरुण, कडक, कायद्याचा माणूस. त्यानं डबा पाहिला आणि भडकला. आत्ताच्या आत्ता सारंगला बोलवा, सगळ्यांसमोर फेकू दे त्याला, नाहीतर रिपोर्ट लिहितो. काकाजींची ती शेवटून दुसरी सफर होती. एकतीस वर्षांत त्यांच्यावर एक रिपोर्ट नव्हता. आणि मला पक्कं ठाऊक होतं, भंडारीलाही ठाऊक होतं, की काकाजी ते रोप फेकणार नाहीत. लपवतील, भांडतील, नोकरी घालवतील.

"साब, मैं देख लूंगा," भंडारी म्हणाला. चीफ ऑफिसर गेला. भंडारीनं डबा उचलला, थोडा वेळ तसाच धरला आणि मागच्या डेकवर जाऊन पाण्यात सोडून आला. परत आल्यावर मला म्हणाला, "बत्ती साब, उनको मत बोलना. चीफ साब से झगड़ा करेगा. मेरे से झगड़ा करने दो."

काकाजी चहाला आले. खिडकी रिकामी.

"पौधा?"

"फेंक दिया."

"क्यों?"

"कायदा है."

काकाजींनी भरलेला कप तसाच खाली ठेवला आणि निघून गेले. मला वाटलं शिव्या देतील, दोन दिवसांत निवळतील. नाही. जहाज नऊ दिवस रांगेत उभं होतं आणि नऊ दिवस ते भंडारीशी बोलले नाहीत. ताट घ्यायचे, बाहेर डेकवर उभ्यानं खायचे, ताट धुऊन ठेवायचे. भंडारीनं दोनदा झुणका केला. त्यांनी भात खाल्ला. मी तोंड दाबून बसलो होतो, कारण शब्द दिला होता. आज वाटतं, कसला शब्द आणि कसलं काय! बोलून टाकायला पाहिजे होतं.

दहाव्या दिवशी जहाज धक्क्याला लागलं आणि भंडारीच्या बदलीचा माणूस आला. अंतोनी घरी निघाला, आणि तोही कायमचा. गुडघे गेले म्हणून त्याची ती शेवटची सफर होती. सगळे कठड्यापाशी जमले. सारंग साब नव्हते. ते पुढच्या टोकाला, रंगाच्या कोठीत, दार लावून बसले होते. भंडारीनं मला एकदाच विचारलं, "सारंग साब?" मी म्हटलं, "काम में है." बॅगा दोन खलाशांनी शिडीवरून उतरवल्या, धडधड आपटत. एकीचं चाक तुटलं. खाली एजंटची गाडी उभी होती. भंडारी गाडीत बसला नाही. वर तोंड करून उभा राहिला, जिथून दोरी खाली यायची तिथं पाहत, जणू त्याची बॅग अजून यायचीच होती. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला, दोनदा वाजवला. मग तो गेला.

मी पुढे बारा दिवसांनी काकाजींना खरं सांगितलं. जहाज भर समुद्रात होतं, राहवलंच नाही. ते ऐकत राहिले. नंतर म्हणाले, "तवा काऊन नाही सांगतलं?"

"त्यानं मना केलं होतं."

"अन् तू आयकलं. मास्तराचं पोट्टं ना! सांगतलं तेवढंच करते." हे मला अजून लागतं. ते उठले आणि आधीच नीट गुंडाळून ठेवलेली एक दोरी सोडून पुन्हा गुंडाळायला बसले.

निवृत्त होऊन काकाजी गावी आले. मी सुट्टीवर आलो की त्यांच्याकडे जायचो. पहिल्या वर्षी त्यांनी घरातलं जे जे लोखंडी आहे ते घासून रंगवलं. फाटक, खिडक्यांचे गज, विहिरीवरचा पंप, शेजाऱ्याची सायकल. आधी लाल प्रायमर, वर करडा रंग, जहाजासारखा. एका शनिवारी आम्ही जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला गेलो. मी हात जोडून डोळे मिटले, उघडले तर काकाजी कठड्याला नख लावून पाहताहेत. "आतून गंज धरून राहिला," म्हणाले. "चिपिंग करा लागते याले." तिथल्या माणसाला ते सांगायलाही गेले. त्यानं प्रसाद दिला आणि हसून वाटेला लावलं.

गावात लोक सुरुवातीला विचारायचे, समुद्र कसा असते? ते म्हणायचे, "पानी असते." मग लोकांनी विचारणं सोडलं. एकदा बगीच्याच्या बांधावर बसून त्यांनी मला सरळच सांगितलं, "अथी माह्याशी बोलाले कोनी नाही रे. घरचे बोलते, नाही असं नाही, पन ते संत्र्याचं बोलते." मनगटावर घड्याळ होतंच. आता ते घरच्याच वेळेवर असून त्यांना पाहायला काही उरलं नव्हतं. मी हसून विषय बदलला.

भंडारीशी फोन व्हायचा, वर्षातून एकदोनदा. खाना खाया? खाया. तबियत? ठीक. रखता हूं. संपलं. मी चिडायचो. म्हणायचो, काकाजी, म्हणून टाका ना एकदाचं, चुकलं म्हणून, फोन कशासाठी असतो? ते मान हलवायचे. "फोनवर बोलनं होते. निरोप नाही होत. मानसासमोर उभं राहा लागते. मी नाही राह्यलो." तीन वर्षं त्या माणसाच्या छातीवर ती एक बॅग बसली होती.

मागच्या फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. आवाज वेगळाच. "शुक्रवारी पांढुर्ण्याले ये. भंडारी जाऊन राहिला इथून." अंतोनीची मुलगी दिल्लीला नर्स होती, तिला बाळ झालं होतं. अंतोनी आणि त्याची बायको चेन्नईहून दिल्लीला निघाले होते आणि ती गाडी पांढुर्ण्याला दोन मिनिटं थांबते. डबा एस-चार. सकाळी साडेदहा.

मी नऊलाच पोचलो तरी ते आधीच फलाटावर होते. नारिंगी बॉयलर सूट घातलेला! म्हटलं, काकाजी, हे काय? "धुरून दिसलो पाह्यजे ना त्याले." जवळ एक गोणपाटाची थैली, तिच्यात मृगाच्या बहाराची संत्री, एकेक स्वतः तोडलेलं, देठासकट, पानासकट. तोंड जहाजावरच्या पांढऱ्या दोरीनं बांधलेलं आणि दोरीचं वावभर टोक मोकळं सोडलेलं. ते फलाटावर येरझारा घालत हिंदी वाक्य जुळवत होते. "भंडारी, गलती मेरा था. असं म्हनू का? का आधी तबियत पुसू?" मी म्हटलं, दोन मिनिटं आहेत, तब्येत राहू द्या. "हाव," म्हणाले. "गलती मेरा था. बस."

एस-चार कुठं येईल ते चहावाल्याला विचारलं. त्यानं पुलाजवळ सांगितलं, आम्ही पुलाजवळ उभे राहिलो. गाडी आली. एस-नऊ, एस-आठ पुढून निघून गेले तेव्हा माझ्या ध्यानात आलं. डबे उलटे लागले होते. एस-चार पार त्या टोकाला.

"काकाजी, पळा!"

थैली मी घेतो म्हटलं, पण त्यांनी दिली नाही. बासष्ट वर्षांचा माणूस, तेवढं ओझं, वाटेत उतरणारी माणसं, पेट्या, लेकरं. पळताना थैली हिसके देत होती म्हणून त्यांनी दोरी हाताला गुंडाळली. एक वेढा, दोन वेढे. मी मागं होतो, मला दिसलं, पण मी डब्यांचे आकडे वाचत पळत होतो. आम्ही पोचलो तेव्हा सिग्नल झाला होता. दारात भंडारी उभा. केस पूर्ण पांढरे, खांद्यावर तोच पंचा. कदाचित दोन्ही मिनिटं तो तसाच उभा असेल, फलाटाकडं पाहत.

काकाजींनी थैली वर केली. भंडारीनं वाकून दोन्ही हातांनी ती धरली. काकाजींनी तोंड उघडलं, पण धापेनं शब्दच फुटेना. नुसते ओठ हलत होते. आणि गाडी हलली. काकाजी सोबत चालू लागले, मग पळू लागले, हात वर, दोरी ताणलेली, तळहाताला दोन वेढे. मी "काकाजी! रस्सी!" असं काहीतरी ओरडलो. त्यांना ऐकू गेलं नाही. ते भंडारीच्या तोंडाकडे पाहत होते आणि अजून ते एक वाक्य काढायला धडपडत होते.

भंडारीची नजर त्या हातावर गेली. तो दारातून बाहेर झुकला आणि अख्ख्या फलाटानं वळून पाहावं अशा आवाजात ओरडला.

"सारंग साब! आरिया! आरिया!"

एकतीस वर्षं ज्या माणसानं तो शब्द दुसऱ्यांसाठी म्हटला, त्याच्यासाठी आज कुणीतरी म्हणत होतं. काकाजींचा हात उघडला. वेढे सुटले. दोरी सरसर वर गेली आणि भंडारीनं थैली छातीशी ओढून घेतली. तो तसाच झुकून हळू आवाजात पुन्हा म्हणत राहिला, आरिया, आरिया, लांब होत गेला तरी ओठ दिसत होते. त्याच्या हातात थैलीच्या तोंडातून ओढून काढलेलं एक पान होतं, ते त्यानं नाकाशी धरलं होतं.

काकाजी फलाटाच्या टोकाला उभे. गाडीचा शेवटचा डबा वळणावर गेला तेव्हा ते म्हणाले, "बस."

मी त्यांना बाकावर बसवलं, पाणी आणून दिलं. तळहातावर दोरीचा लाल वळ उठला होता. त्याच्याकडे पाहत म्हणाले, "पाह्यलं? मीच गुंडाळली." मग थोड्या वेळानं, "बोलनं नाही झालं बे."

"झालं काकाजी," मी म्हटलं. "सगळं झालं."

त्यांनी मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही. मी घरी सोडतो म्हटलं तर नको म्हणाले. "तू निंघ. तुले सोमवारी जहाज पकडाचं आहे. मी बसतो जराशेक." माझी गाडी बाहेर उभी होती. मी निघालो, आणि सवयीनं, जिभेला हाड नाही म्हणून, बोलून गेलो, "भेटू काकाजी."

लगेच जीभ चावली. आता ऐकून घ्यावं लागणार, कायले खोटं बोलून राहिला म्हणून. पण रिकाम्या फलाटावर, त्या नारिंगी सुटात, ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी हात वर केला, तो वळ उठलेला, आणि हलवला. मी त्यांना कुणाला हात हलवताना कधी पाहिलं नव्हतं.

"हाव," ते म्हणाले. "भेटू."